भामरेभाईंची सुई

भामरेभाईंच्या शर्टाच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असते. बिनदोऱ्याची. सहा वर्षं मी ती बघते आहे. शर्ट अधूनमधून बदलतो, सुई तीच असते. आता सुरतेत कॉलरला सुई लावलेला माणूस दिसला की लोक एकच अर्थ काढणार. लिंबायतहून कारखान्याला, सचिन वसाहतीत येताना शेअर रिक्षात कुणी ना कुणी बाई त्यांना विचारतेच, "भाऊ, ब्लाउज शिवता का?" दुसरा एखादा हसून नाही म्हणेल. भामरेभाई त्या बाईकडे असं बघतात, जणू तिने त्यांचं खानदान काढलं, आणि म्हणतात, "शिवायची नाही ही सुई. भोकं पाडायची आहे."

मग सचिन येईपर्यंत ती बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसते.

बुटांच्या खोक्यात किंवा नव्या पर्सच्या तळाशी एक छोटी पुडी असते बघा, "खाऊ नये" असं लिहिलेली. त्या पुडीत सिलिकाचे दाणे असतात, ते दमटपणा शोषून घेतात. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना या पुड्या बनवतो. मी तिथे केमिस्ट. एम.एस्सी., अमळनेरची, लग्नानंतर सुरतेत, लिंबायतलाच आले. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिला शेठ पाहुण्यांसमोर "रिसर्च" म्हणत आणि एरवी "पेला बेनो रूम", म्हणजे ती दोघांची खोली. त्या दोघांतली एक मी. दुसरे भामरेभाई.

मूळचे ते शिंदखेड्याकडचे. शिक्षण बी.एस्सी.पर्यंत, तेही शेवटचं वर्ष अर्धवट सोडलेलं. पण बोलणं असं की वाळूचा शोध यांच्याच वडलांनी लावला. त्यांचं सगळं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरतं: पोकळ काच. पारदर्शक किंवा दुधी काचेचे असे तुकडे आणि दाणे करायचे की आतून ते डोळ्याला न दिसणाऱ्या भोकांनी भरलेले असतील. मी एकदा म्हटलं, भामरेभाई, जरा छिद्रं म्हणत जा, ऐकायला बरं वाटतं. त्यावर ते म्हणाले, "छिद्रं पुस्तकात असतात मॅडम. आपल्याकडे भोकं."

ही काच भट्टीत वाळू वितळवून होत नाही. एक पातळ रसायन घ्यायचं, त्यात अल्कोहोल, पाणी आणि थेंबभर आम्ल घालायचं, ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. विरजण लावलेल्या दुधासारखं ते हळूहळू लागतं. मग त्यातलं अल्कोहोल आणि पाणी उडून जायला हवं. ते हळू गेलं तर अखंड तुकडा हाती येतो. घाईने गेलं तर तडे जातात आणि बरणीत नुसता चुरा उरतो. म्हणून भामरेभाई प्रत्येक बरणीच्या तोंडावर चांदीचा कागद ताणून बांधतात, कॉलरची सुई काढतात आणि त्या कागदाला भोकं पाडतात. अकरा. मी बारा पाडून बघितली आहेत, नऊ पाडून बघितली आहेत, काही फरक पडत नाही. तसं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या बरणीचा कागद फाडून टाकला, नवा बांधला आणि अकरा भोकं पाडली.

"घाई केली की तडा." हे त्यांचं ब्रीदवाक्य. चहा गरम पिणाऱ्याला, शिंकताना रुमाल शोधणाऱ्याला, शेठच्या ड्रायव्हरला, सगळ्यांना ते हेच ऐकवतात. आमच्या पॅकिंगमधल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तीन आठवड्यांत उरकायचं होतं. हे पेढा घेताना म्हणाले, "घाई केली की तडा." ती पोरगी दिवसभर रडत होती.

बरण्या सावकाश वाळाव्या म्हणून खोलीत पंखा लावायचा नाही. सुरतेचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. छताला पंखा होता, बटण होतं, वीज होती, आणि खाली आम्ही दोघं घामाने निथळत बसलेले. मी एकदा बटण दाबलं. भामरेभाई उठले, बटण बंद केलं आणि वर चिकटपट्टी लावली. शेठकडे तक्रार केली तर शेठ हसून म्हणाले, "भामरेभाईने कोण समजावे?" त्यांनाही माहीत होतं की या माणसाला समजावणं हा वेळेचा अपव्यय आहे. चिकटपट्टी तशीच राहिली.

त्यांच्या शब्दकोशात सगळ्यात घाणेरडी शिवी म्हणजे "भरीव". खिडकीची काच भरीव, म्हणून बिनकामाची. ताजमहालाचा संगमरवर भरीव. शेठचा पुतण्या भरीव. "भरीव वस्तूत काय जाणार? काही जात नाही, काही राहत नाही. वरून पाणी ओता, वरूनच वाहून जाईल." आणि मी तर एम.एस्सी. म्हणजे त्यांच्या हिशेबी डोक्यापासून पायापर्यंत भरीव. मी प्रमाण मराठीत बोलते याचाही त्यांना राग. "अमळनेरची पोरगी अन् बोलते पुण्याची. आयला 'आई' म्हणते का तू घरी?" मी घरी आईला काय म्हणते याच्याशी त्यांना काय करायचं आहे, असं मी विचारलं. "भरीव," ते बरणीला म्हणाले.

सहा वर्षं आमचं हे असं चाललं होतं. रोज सकाळी साडेनऊला एखाद्या फालतू विषयावरून सुरुवात व्हायची आणि साडेपाचला अर्धवट सुटायची, की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. पाणी आधी घालायचं की आम्ल, बरणी काचेची हवी की प्लास्टिकची, भरताची वांगी कुठली चांगली. हा माणूस एकाही मुद्द्यावर हरल्याचं मला आठवत नाही. चुकला की विषय बदलायचा. "माझी चूक" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघालेले कारखान्यातल्या कुणीही ऐकले नव्हते.

लग्नकार्याला बोलावलं तर आणखी वैताग. आहेराच्या पाकिटाऐवजी हे पोकळ दाण्यांची बाटली देणार, आणि जेवणाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगणार, "हा एक चमचा दाणा. याच्या आतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या ना, क्रिकेटचं मैदान होईल. एवढी जागा आहे आत." तो बिचारा बासुंदीची वाटी घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसणार. आणि हे मैदान खिशात घेऊन फिरणारे गृहस्थ स्वतः राहतात लिंबायतमध्ये, दहा बाय दहाच्या खोलीत, एकटे. बायको गावी. तीस वर्षं ती गावी आणि हे सुरतेत. सासूसासरे, शेती, मग मुलाची शाळा, अशी कारणं एकापाठोपाठ येत गेली आणि तिचं इकडे यायचं राहून गेलं. मुलगा आता धुळ्याला नोकरी करतो. भामरेभाई दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावी जातात आणि दर वेळी रजा संपायच्या आधी एक दिवस परत येतात. पाच दिवसांची रजा असेल तर पाचव्या दिवशी सकाळी हे बरण्यांपुढे हजर. मी म्हणायचे, या माणसाला बायकोपेक्षा बरण्या प्याऱ्या आहेत, दुसरं काय.

अजून एक खोड सांगायची राहिली. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या ते कुठून कुठून जमवायचे. कुठलाही माल धुऊन तयार होत आला की पुढे काहीही करण्याआधी त्यातली चिमूट काढून एका बाटलीत भरायची, तारीख टाकायची, फळीवर ठेवायची. देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं. "हे कशाला?" असं विचारलं तर म्हणायचे, "उद्या कुणी म्हटलं तुझा माल खोटा, तर?" मी म्हणायचे, तुमच्या मालाकडे बघतंय कोण. फळीवर अशा शंभरेक बाटल्या होत्या. पुसायला मी.

गेल्या वर्षी शेठच्या डोक्यात एक कल्पना आली, किंवा भामरेभाईंनी ती घातली. सुरतेत कपडा रंगवणाऱ्या कारखान्यांतून रंगीत पाणी निघतं, ते साफ केल्याशिवाय सोडता येत नाही. भामरेभाई म्हणाले, आपल्या पोकळ दाण्यांना आतून हात लावू. हे हात म्हणजे खरोखरचे हात नव्हेत. कार्बन आणि नायट्रोजनच्या छोट्या साखळ्या, एका टोकाने काचेला घट्ट जोडलेल्या, दुसरं टोक भोकात मोकळं. लाल रंगाचा कण भोकातून जायला लागला की हा हात त्याला पकडतो. वरून लाल पाणी ओतायचं, खालून स्वच्छ पाणी निघणार. भामरेभाई हे सांगताना स्वतःची बोटं वाकवून दाखवायचे. मला त्यांचं ते "हात" म्हणणं फार पोरकट वाटायचं. मी वहीत व्यवस्थित रासायनिक नाव लिहायचे.

कडोदऱ्याचा एक डाइंगवाला बघायला यायला तयार झाला. शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि सरळच सांगितलं. हा माल चालला तर खोली राहील. नाही चालला तर खोलीत खोकी ठेवायची आहेत, जागा कमी पडते. मग तुम्हा दोघांपैकी एकच जण लागेल, तोही पॅकिंगमध्ये. ज्याच्यामुळे बिघडेल तो घरी. शेठ हे हसतच बोलले, ते सगळंच हसत बोलतात. त्या दिवसांत माझा नवरा घरी बसून होता. तो लूमचा जॉबर आहे, मशिनं दुरुस्त करतो, आणि त्याचा कारखाना चार महिने बंद होता. घर माझ्या पगारावर चाललं होतं. भामरेभाईंना हे माहीत होतं, कारण डब्यात भाजीऐवजी रोज चटणी कशाला आणते, यावरूनही ते माझ्याशी एकदा भांडले होते.

तर तो माल. दाण्यात भोकं पाडण्यासाठी त्यात एक प्रकारचा साबण घालतात. साबणाच्या कणांभोवती काच लागते, मग साबण काढून टाकला की त्याच्या जागी भोक उरतं. साध्या दाण्यांतून साबण काढायचा तर सोपं आहे: भट्टीत साडेपाचशे डिग्रीला पाच तास ठेवायचं, साबण जळून जातो. मी हे अनेकदा केलं आहे. हातवाल्या दाण्यांना मात्र कोमट अल्कोहोलने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. भामरेभाई एक धुणं दीड दिवस चालवायचे. मग ते धुतलेलं पाणी नळीत घेऊन अंगठा लावून हलवायचे. फेस आला की साबण अजून आहे. की आणखी एक धुणं. असं दहा वेळा झालं. फेस कमी होत होता, पण जात नव्हता. मला तो फेस बघायचाही कंटाळा आला होता.

दहाव्या धुण्यानंतर त्यांना पुतण्याच्या लग्नाला गावी जावं लागलं. जाताना म्हणाले, "अजून दोन धुणी. हात लावू नका. मी येतो."

त्याच दुपारी शेठचा निरोप आला की डाइंगवाला परवाच येतोय. त्याला पुढच्या आठवड्यात मुंबईला जायचं आहे. दोन धुणी म्हणजे तीन दिवस. मी बरणीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मनातल्या मनात भामरेभाईंना चार शिव्या घातल्या आणि माल भट्टीत टाकला. साबण काढायचाय ना, मग भट्टी. डोक्यात दुसरा विचारच आला नाही. भट्टीतून केस जळल्यासारखा वास येत होता, तो मी भट्टी जुनी झाली म्हणून सोडून दिला. सकाळी दाणे बाहेर काढले तर पांढरेशुभ्र, चुरचुरीत, सुंदर. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांचा मोबाइलवर फोटो काढला. म्हटलं, येऊ देत भामरेभाईंना, दाखवते.

भामरेभाई नेहमीप्रमाणे एक दिवस आधी टपकले. डाइंगवाला यायच्या दिवशीच सकाळी, हातात बुंदीच्या लाडवाची पिशवी. मी त्यांना काही सांगायच्या आधीच शेठ पाहुण्याला घेऊन खोलीत आले. काचेची नळी उभी केलेली होती, खाली कापसाचा बोळा, त्यावर माझे पांढरेशुभ्र दाणे. डाइंगवाल्याने आपल्या कारखान्यातलं लाल पाणी कॅनमधून आणलं होतं. शेठनी स्वतः वरून ओतलं.

खालून लाल पाणी आलं.

थोडं थांबून पुन्हा ओतलं. पुन्हा लाल. शेठ म्हणाले, "आ शुं छे, भामरेभाई? पाणी तो लाल ज छे." आणि त्या क्षणी मला तो केसांचा वास आठवला. साबण जळतो तर हातही जळणार. दोन्ही सेंद्रिय. दहावीतलं पोर सांगेल. मी एम.एस्सी. आहे.

भामरेभाई पुढे आले. नळीतले दोन दाणे चिमट्याने काढून तळहातावर घेतले. हातवाला दाणा किंचित पिवळसर असतो, हा खडूसारखा पांढरा होता. त्यांनी एक दाणा जिभेला लावून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. फार तर दोन सेकंद. त्यांना सगळं कळलं होतं.

मग त्यांनी फळीकडे बघितलं. मीही बघितलं. तिथे अगदी पुढे, परवाची तारीख टाकलेली होमिओपॅथीची बाटली होती. गावी जाण्याआधी काढलेली चिमूट. भट्टी न बघितलेली, हात शाबूत असलेली. ती बाटली उचलायची, त्यावर थेंबभर लाल पाणी टाकायचं, एवढंच. माल खरा होता हे तिथेच सिद्ध झालं असतं, खोली राहिली असती, आणि भट्टीत कुणी घातलं हे विचारायचीही गरज पडली नसती. खोलीत माणसं दोन, त्यातला एक गावी गेलेला. म्हणजे उरले मीच.

भामरेभाई फळीपाशी गेले, बाटली उचलली आणि पँटच्या खिशात टाकली.

"शेठ, माझी चूक," ते म्हणाले. "गावी जायच्या आधी मीच भट्टीत घातलं. लग्नाला जायचं होतं. मी घाई केली."

मी घाई केली. भामरेभाईंनी. डाइंगवाला कॅन तिथेच टाकून, मान हलवत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून खोलीत खोकी यायला लागली. भामरेभाईंना घरी काढणार होते, पण इतक्या वर्षांचा माणूस म्हणून शेठनी पॅकिंगमध्ये बसवलं, पुड्या मोजून खोक्यात भरायला. मला वर ऑफिसशेजारी टेबल दिलं, येणारा कच्चा माल तपासायला. पंख्याखाली. आणि मी गप्प बसले. हे मला सरळच लिहू द्या. मी एक दिवस गप्प बसले, मग दोन, मग तीन आठवडे. नवऱ्याचा कारखाना सुरू झाला तरी गप्प बसले. रोज ठरवायचे, आज शेठला सांगते. रोज पंखा फिरत राहायचा. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

शेवटी एका दुपारी डबा घेऊन मी पॅकिंग शेडमध्ये गेले. भामरेभाई खोक्यांच्या मागे एकटेच जेवत होते. पॅकिंगच्या मुली त्यांच्यापासून लांब बसतात, लग्नाचं प्रकरण कुणी विसरलेलं नाही. मी समोर बसले. मग एकदम विचारलं, "असं का केलंत?"

त्यांनी घास चावून संपवला. "चटणीच आणली का आजपण?"

"भामरेभाई, बाटली खिशात का घातलीत?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाले, जी मला येते आणि मी येत नाही असं दाखवते, "तुले काढी टाकतात. मंग मी कोनसंगे भांडू?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते थट्टा करत नव्हते. पुढचं त्यांनी खोक्याकडे बघत सांगितलं. गावी गेलं की बायको चहा कपबशीतून आणून देते, पाहुण्याला देतात तसा. मुलगा उठून खुर्ची देतो. सून पदर सावरते. हे म्हणाले, भाजीत मीठ जास्त आहे, तर सगळे म्हणतात, हो जास्त झालं. हे म्हणाले, मीठ कमी आहे, तर म्हणतात, हो कमी पडलं. "कोनी 'नही' म्हनत नही माले," ते म्हणाले. "तीन दिवस कसं तरी बसतो. चौथ्या दिवशी गाडी धरतो."

सहा वर्षं मी समजत होते की हा माणूस बरण्यांसाठी लवकर परत येतो.

जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून ती बाटली काढली. म्हणाले, उरलेली दोन धुणी मी घरी दिली. दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हवर कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवून, तीन दिवस. फेस गेला. डाइंगवाल्याचा कॅन अजून जुन्या खोलीतल्या खोक्यांमागे पडला होता, तिथून मी एका कपात लाल पाणी आणलं. त्यांनी बॉलपेनची रिकामी नळी घेतली, तळाशी कापूस कोंबला, वर ती चिमूट भरली. मी वरून थेंब थेंब लाल पाणी सोडलं. "घाई नको," ते म्हणाले. मी घाई करत नव्हते. पिवळसर दाणे वरून खाली लाल होत गेले आणि नळीच्या टोकाला जो थेंब आला तो नळाच्या पाण्यासारखा स्वच्छ होता. असे दहाबारा थेंब आले. बघायला आम्ही दोघंच. त्यांनी बोटं वाकवून दाखवली, नेहमीसारखी. मला ते पोरकट वाटलं नाही.

मी ते पाणी एका बाटलीत घेतलं आणि उठले. "कुठे?" ते म्हणाले. "शेठकडे." ते भडकलेच. म्हणाले, कुणी सांगितलंय, झालं ते झालं, नवऱ्याचं काम नुकतं लागलंय, तुझं डोकं फिरलंय का. आम्ही तिथेच पंधरा मिनिटं भांडलो, पॅकिंगच्या मुली जेवायचं थांबवून बघत होत्या. त्या एका वादात, सहा वर्षांत पहिल्यांदा, मी जिंकले.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. न हसता. मग विचारलं, "बेन, आ वात तमे ते दिवसे केम ना कही?" त्या दिवशीच का सांगितलं नाही, हे मी आजही स्वतःला विचारते. त्यांनी ते स्वच्छ पाणी उजेडात धरून बघितलं आणि मॅनेजरला म्हणाले, "बंनेने त्यां ज बेसाडो." दोघांनाही तिथेच, पॅकिंगमध्ये, बसवा. शिक्षा की बक्षीस, मला आजवर कळलेलं नाही. डाइंगवाला म्हणतो दिवाळीनंतर बघू. खोली काही परत मिळाली नाही. पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात एक टेबल, पडदा लावून अर्धं केलेलं, त्यावर आमच्या चौदा बरण्या. वरचा पंखा भामरेभाईंनी पहिल्याच दिवशी काढून पॅकिंगच्या मुलींकडे लावून दिला. त्या आता त्यांच्याशी थोडं बोलतात. मी घामाने भिजते.

पहिल्या दिवशी मी बरणीवर चांदीचा कागद बांधला आणि सवयीने हात पुढे केला, सुई द्या. त्यांनी कॉलरची सुई दिली नाही. खिशातून कागदात गुंडाळलेली एक नवी सुई काढली आणि माझ्या पंजाबी ड्रेसच्या गळ्याशी टोचायला दिली. "आपापली ठेवायची. अकरा. बारा नाही." मी बारा पाडली. त्यांनी कागद फाडला. मग दुपारपर्यंत आमचं चाललं होतं.

परवा लिंबायतहून शेअर रिक्षात बसले होते. ते नव्हते बरोबर, ते पुढच्या रिक्षाने गेले होते. शेजारच्या बाईने माझ्या गळ्याशी लावलेल्या सुईकडे बघितलं, जराशी सरकली आणि आपल्या खान्देशी बोलीत विचारलं, "बाई, तू ब्लाउज शिवस का?"

मी तिच्याकडे भामरेभाईंसारखंच बघितलं असणार, कारण ती दचकली. "शिवानी नही ती," मी म्हटलं. "भोकं पाडानी सुई शे."